मधमाशीचा हिवाळा पावसात

भिवंडीजवळच्या पूर्णा गावात, गोदामांच्या गराड्यात राहणाऱ्या एखाद्याला मधपेटी ठेवावीशी वाटली, तर तो आधी पुस्तक उघडतो. मधमाशीपालनावरची पुष्कळ पुस्तके थंड देशांत लिहिलेली. पहिली पेटी केव्हा ठेवावी, याचे त्यांचे उत्तर ठरलेले असते : वसंतात, म्हणजे एप्रिल-मेमध्ये.

तिथे ते उत्तर अचूकच आहे. पारा दहा अंशांखाली गेला की माशी सहसा बाहेर पडत नाही आणि बाहेर फुलेही नसतात. वसाहत घट्ट घोळका करून बसते, पंखांचे स्नायू थरथरवून ऊब निर्माण करते आणि साठवलेल्या मधावर महिने काढते. वसंतात आणलेल्या वसाहतीला हा साठा करायला अख्खा उन्हाळा मिळतो.

आता हे उत्तर आपल्याकडच्या थंड जागेला लावून पाहू. महाबळेश्वरला राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे. त्याच तालुक्यातले मांघर 2022 मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची बातमी आपण दर हिवाळ्यात वाचतो. पण तो गारठा पहाटेचा. ऊन चढले की इथली सातेरी माशी कामाला लागते. तिची खरी कसोटी जूनमध्ये सुरू होते. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. संततधारेत माशीला उडता येत नाही, फुलांतला मकरंद धुऊन जातो. अन्न आटले की राणी अंडी घालणे कमी करते. दुबळ्या वसाहतीची पोळी मेणकिडा पोखरतो. सातेरीचा तर स्वभावच असा, की उपासमार असह्य झाली की सगळी वसाहत पेटी सोडून निघून जाते.

एक साधा हिशेब करू. अंड्यापासून कामकरी माशी व्हायला सुमारे तीन आठवडे लागतात. त्यानंतरचे दोन-तीन आठवडे ती पेटीतच पिल्लांचे संगोपन, साफसफाई, पोळी बांधणे अशी कामे करते; मग फुलांवर जाऊ लागते. म्हणजे मेच्या आरंभी घातलेल्या अंड्यातली माशी पहिल्यांदा बाहेर पडेल ती जूनच्या मध्यावर, भर पावसात. तेच अंडे नोव्हेंबरच्या आरंभी घातले गेले, तर माशी डिसेंबरच्या मध्यावर कोरड्या उन्हात उडेल. मार्च-एप्रिलमध्ये जांभूळ फुलेपर्यंत वसाहत भरभक्कम झालेली असेल.

म्हणून आपल्याकडे पेटी ठेवण्याचा मुहूर्त पाऊस सरल्यावरचा, ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. पेटीचे दार सकाळच्या उन्हाकडे आणि वाऱ्याच्या आडोशाला असले, की सातेरीला थंडी सोसते. सगळा मध मात्र काढून घेऊ नये. पावसाळ्यासाठी काही चौकटी राखाव्यात. तरीही कमी पडले तर साखरेचा पाक द्यावा.

या नियमाला कारवीचा अपवाद आहे. सात-आठ वर्षांतून एकदा, पावसाळा ओसरताना ती डोंगरभर फुलते आणि बी धरून मरते. त्या वर्षी एरवीच्या उपासाच्या दिवसांतही मकरंद मिळतो. पण नवशिक्याने त्यावर विसंबू नये.

पूर्ण्यात गारठा नाही, पण पाऊस आहे. त्यामुळे मुहूर्त तोच. मात्र त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा : सातेरी साधारण किलोमीटरभराच्या परिसरात चरते, तर तेवढ्यात बाराही महिने काय फुलते? शेवगा, जांभूळ, चिंच, नारळ, बांधावरची रानफुले यांची महिनावार नोंद एक वर्ष करावी. पत्रे आणि काँक्रीटच भरले, तर पेटी न आणता झाडे लावावीत. चुकीच्या महिन्यात किंवा चुकीच्या जागी आणलेल्या पेटीत फक्त पैसे बुडत नाहीत. आपल्या हौसेपायी हजारो जीवांचे नांदते घर उपाशी मरते.