कुणी हात लावत नसताना

संगणकासमोर कुणी बसलेलं नाही, सगळे प्रोग्रॅम बंद आहेत, आणि तरी कॅबिनेटच्या आतून करकर चालूच आहे. पुढचा इवलासा दिवा विझायचं नाव घेत नाही. अशा वेळी पहिला संशय येतो व्हायरसचा. तो खराही असू शकतो, पण बहुतेकदा आत जे चाललेलं असतं ते कितीतरी जास्त मजेदार असतं.

घरगुती डेस्कटॉपमधली हार्ड डिस्क साधारणपणे मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. तबकडी जेमतेम ९५ मिलिमीटर व्यासाची, तरी तिच्या कडेचा वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वर जातो. या धावत्या पृष्ठभागावर वाचणारं-लिहिणारं टोक, म्हणजे हेड, हवेच्या थरावर तरंगत असतं. दोघांमधलं अंतर अवघ्या काही नॅनोमीटरचं. माणसाचा केस त्या अंतराच्या हजारो पट जाड! हेड ज्या दांड्याच्या टोकाला बसवलेलं असतं, तो दांडा चुंबकाच्या क्षेत्रात ठेवलेली तारेची गुंडाळी हलवते. लाउडस्पीकर याच तत्त्वावर चालतो. आपल्याला ऐकू येणारी करकर त्या दांड्याच्या दचकत निघण्याची आणि गचकन थांबण्याची असते.

आता थोडा हिशोब करू. दांड्याला हव्या त्या मार्गावर पोहोचायला सरासरी आठ-नऊ मिलिसेकंद लागतात. तिथं गेल्यावर हवा तो तुकडा फिरून हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे आणखी चारेक मिलिसेकंद. एकूण साडेबारा धरा. आपल्याला हा वेळ जाणवतही नाही, पण ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरची तेवढ्यात पावणेचार कोटी चक्रं होऊन जातात. इकडेतिकडे विखुरलेले तुकडे मागितले, तर डिस्क सेकंदाला ऐंशीच्या आसपास मागण्याच पुऱ्या करू शकते. प्रत्येक तुकडा ४ किलोबाइटचा असेल तर सेकंदाला सव्वातीनशे किलोबाइटसुद्धा धड हाती येत नाहीत. हीच डिस्क एखादा सलग साठवलेला सिनेमा सेकंदाला शंभर मेगाबाइटच्या वेगानं सहज वाचून देते!

म्हणून विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘डिस्क १०० टक्के’ दिसतं आणि शेजारच्या रकान्यात वेग मात्र अर्धा मेगाबाइटसुद्धा नसतो, तेव्हा आकडे चुकलेले नसतात. तो टक्का डिस्कनं किती माल वाहिला हे सांगत नाही, ती किती वेळ गुंतलेली होती हे सांगतो. तिचा बराचसा वेळ निव्वळ जाण्यायेण्यात गेलेला असतो.

पण तिला पळवतंय कोण? इथं विंडोजचा एक स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. बरीचशी घरकामं ती आपण उठून जाण्याची वाट पाहून करते. शोधासाठी फाइलींची सूची अद्ययावत करणं, डिफेंडर या अँटिव्हायरसची तपासणी, विखुरलेल्या फाइली सलग मांडणं म्हणजे डिफ्रॅग, ही कामं शक्यतो संगणक रिकामा असताना काढली जातात. २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून तर आपण कोणते प्रोग्रॅम वारंवार उघडतो हे ध्यानात ठेवून ते आधीच मेमरीत आणून ठेवायची सोय आहे. म्हणूनच काय बिघडलंय ते बघायला आपण माउस हलवतो आणि करकर थांबते. चोर पकडायला जावं तर घरात चोरच नाही. नवा संगणक किंवा मोठं अपडेट असेल तर ही धावपळ काही तास चालू शकते. तिला चालू द्यावं, हेच उत्तम.

माउस हलवूनही करकर थांबली नाही, तर संशय रॅमवर घ्यावा. रॅम कमी पडली की तिच्यातला मजकूर डिस्कवर हलवायची युक्ती १९६२ साली मँचेस्टरच्या ॲटलास संगणकात आली, टॉम किलबर्न यांच्या चमूनं आणलेली. तेव्हा डिस्कच्या जागी चुंबकीय ड्रम होता. युक्ती अफाट, पण तिचीही एक मर्यादा आहे. ओटा इतका लहान की कढई ठेवायला पातेलं माळ्यावर टाकावं, आणि लगेच पातेल्यासाठी कढई. दिवसभर शिडीवरच, स्वयंपाक शून्य. संगणकाच्या या अवस्थेला थ्रॅशिंग म्हणतात. त्याची कारणं आणि उपाय पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्येच मांडले होते. ब्राउझरचे चाळीस टॅब उघडे ठेवणाऱ्यांना आजही तोच धडा लागू पडतो: टॅब बंद करा, नाहीतर रॅम वाढवा.

अंदाज बांधत बसायची मात्र गरज नाही. रिसोर्स मॉनिटर उघडून ‘डिस्क’ टॅबवर गेलं की कोणता प्रोग्रॅम कोणत्या फाइलीला हात घालतोय ते नावानिशी दिसतं. रॅममधला मजकूर जिच्यात हलवला जातो त्या पेजफाइलचं नाव सारखं वर येत असेल, तर रॅमचीच टंचाई. अनोळखी प्रोग्रॅम दिसला, तर व्हायरसचा मूळ संशय आता खुशाल घ्या. आणि एसएसडी बसवली, तर दांडाही नाही, फेरेही नाहीत. मिलिसेकंदांचं काम मायक्रोसेकंदांत होतं. जुन्या संगणकाला इतकी तरतरी आणणारा दुसरा खर्च मला तरी माहीत नाही.

रिसोर्स मॉनिटरच्या त्याच ‘डिस्क’ टॅबमध्ये ‘रिस्पॉन्स टाइम’ नावाचा रकाना असतो. माझ्या मते सगळ्यात उपयोगी तोच. कामाच्या गर्दीत तिथं मिलिसेकंदांचा दोन अंकी आकडा दिसणं समजण्यासारखं आहे. पण डिस्कवर फारसा भार नसतानाही आकडा हजारोंत जात असेल, तर डिस्क बहुधा एकच खराब जागा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते आहे. सोबत ठरावीक तालात ‘टक् टक्’ येत असेल तर संशय आणखी बळावतो. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ‘स्मार्ट’ या यंत्रणेत ठेवते. बदललेल्या आणि बदलाच्या प्रतीक्षेतल्या सेक्टरांची, म्हणजे डिस्कवरच्या तुकड्यांची, संख्या तिथं पाहता येते. ती वाढत असेल, तर डिफ्रॅग, स्कॅन, सफाई असलं काही करू नका, त्यानं दांड्याची पळापळ आणखी वाढते. आधी फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या.