पहाटेच्या कामाचा वाटा
‘पन्नाशीचा उंबरठा’ : लेखांक ६

पाळी जाण्याच्या काळात इस्ट्रोजेन कमी होतं आणि मेंदूची तापमान सांभाळणारी यंत्रणा हळवी होते, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. भारतीय स्त्री सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी रजोनिवृत्त होते. त्रास त्याआधीच सुरू झालेला असतो. तेव्हा नवऱ्याने काय करावं? ‘समजून घ्यावं’, असं सगळेच सांगतात. पण समजून घेणाऱ्या नवऱ्यालाही सकाळी आयता चहा नि भरलेला डबा लागत असेल, तर बायकोच्या हाती काय येतं? खरा आधार कामाच्या वाटणीत आहे, आणि ती पहाटेपासून सुरू व्हायला हवी.

पहाटच का? कारण या काळात आधी मोडते ती झोप. गरम वाफा येतात, घामाने पदर भिजतो, पुन्हा डोळा लागेतो पाणी भरायची वेळ होते. दिवसाची चिडचिड आणि विसराळूपणा यांचं एक मोठं कारण या अर्धवट झोपेत असतं. अमेरिकेतल्या ‘स्वान’ या दीर्घ अभ्यासात वारंवार वाफा येणाऱ्या निम्म्या स्त्रियांना हा त्रास ७.४ वर्षांहून जास्त काळ झाला. चार दिवस सांभाळून घेऊन हे निभणारं नाही. शिवाय २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात रोज २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८. निफाड-दिंडोरीत गोडी छाटणीनंतर द्राक्षमण्यांची विरळणी सुरू झाली, की स्वयंपाक उरकून बाईला बागेतही उभं राहायचं असतं.

‘आमच्या आईने कधी कुरकुर केली नाही,’ असं यावर ऐकू येतं. आईने ती मुलापाशी बोलून दाखवली नसेल, हे तर आहेच. शिवाय लवकर लग्नं होत तेव्हा अनेक घरांत बाईच्या पंचेचाळिशीपर्यंत सून आलेली असे आणि चुलीचं काम विभागलं जाई. आज त्याच वयात मुलगा बारावीला असतो, सासू अंथरुणाला खिळलेली असते. आईला मिळालेला तो हात आता नवऱ्यानेच द्यायचा आहे.

‘गावात हसं होईल,’ हा दुसरा आक्षेप. १९८६ च्या नोव्हेंबरात निफाड-दिंडोरीच्याच जिल्ह्यात, चांदवडला, शेतकरी महिलांचं विराट अधिवेशन झालं. पुढे शेतकरी नेते शरद जोशींच्या ‘लक्ष्मीमुक्ती’च्या हाकेला ओ देत कितीतरी शेतकऱ्यांनी आपखुशीने जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावावर केला. ज्यांना सातबाऱ्यावर बायकोचं नाव घालता आलं, त्यांच्या मुलांना सकाळची कणीक मळणं जड जाऊ नये. इराणमध्ये नवऱ्यांना रजोनिवृत्तीविषयी शिकवल्यावर बायकांचं वैवाहिक समाधान वाढल्याचं एका अभ्यासात दिसलं आहे. म्हणजे साथ देणं शिकता येतं.

‘हा डॉक्टरांचा प्रश्न आहे,’ असं म्हणणाऱ्यांनी डॉक्टरांकडे सोबत तरी जावं. २००२ च्या अमेरिकी चाचणीनंतर हार्मोन उपचारांची धास्ती बसली. पण साठीच्या आत, किंवा पाळी जाऊन दहा वर्षं झालेली नसताना, इतर धोके नसतील तर बऱ्याच जणींना त्यांचा फायदा जास्त होतो, असं पुढच्या विश्लेषणांनी दाखवलं. ‘पिशवी काढून टाका’ असा सल्ला मिळाला तर नवऱ्याने दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्याचा आग्रह धरावा. पिशवी काढलेल्या बीडच्या ऊसतोड मजूर बायकांची उदाहरणं महाराष्ट्राने पाहिली आहेत. जवळिकीत दुखत असेल तर थांबावं, रुसू नये. त्यावरही औषध आहे. आणि पाळी थांबून वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर द्राक्षाचा हंगाम असो की घरचं लग्न, तिला ताबडतोब तपासणीला न्यावं. पुढच्या आठवड्यात हाडांविषयी.