कागदावरचा मूसा, कंठातला सुंदियाता

इ.स. १३२४ मध्ये कैरोच्या बाजारात सोन्याचा भाव पडला. तोवर एका मिस्काल वजनाच्या सोन्याला पंचवीस दिरहमांच्या खाली कुणी हात लावत नसे. तो बावीसवर आला आणि पुढची बारा वर्षं वर चढलाच नाही. दमास्कसच्या अल-उमरीने हे लिहून ठेवलं आहे. कारण एकच होतं. पश्चिम आफ्रिकेतल्या मालीचा राजा, मनसा मूसा, मक्केच्या यात्रेला जाताना कैरोत उतरला होता. त्याने दरबारी, अधिकारी अशा सगळ्यांना इतकं सोनं वाटलं, की परतताना त्याच शहरात त्याला कर्ज काढावं लागलं. पुढे १३७५ मध्ये मायोर्का बेटावर तयार झालेल्या नकाशात सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला हा राजा मुकुट घालून बसलेला दिसतो. हातात सोन्याचा गोळा आहे.

मूसाला ही जी कीर्ती मिळाली ती कागदाने दिली. त्याच्या साम्राज्याची मुळं मात्र कागदावर फारशी नाहीत. ती माणसांच्या गळ्यात जपली गेली, आणि मला या इतिहासात सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

आधी व्यापाराकडे पाहू. बांबुक आणि बुरे या भागांतल्या गाळात सोनं मिळे. ते काढणारे लोक आपला जुना धर्म पाळत आणि मालीचे मुसलमान राजे त्यांच्या वाटेला जात नसत. तिथे इस्लाम लादला की सोनं कमी होतं, असा अनुभव असल्याचं अल-उमरी सांगतो. सोनं उत्तरेला नेणाऱ्या वांगारा व्यापाऱ्यांना उलट दिशेने हवं असे मीठ. ते सहाराच्या पोटातल्या तेगाझाहून यायचं. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३५२ मध्ये सिजिलमासाहून पंचवीस दिवसांची वाट तुडवून तिथे पोचला. घरं आणि मशीद मिठाच्या लाद्यांची, छप्परं उंटाच्या कातड्याची, झाड एकही नाही. जमिनीतून लाद्या खणून काढायचे ते गुलाम. एका उंटावर दोन लाद्या बसत. हे ओझं वलाता गावात आठ ते दहा मिस्काल सोन्याला जाई आणि मालीच्या राजधानीत वीस-तीस, कधी चाळीस मिस्कालांना. वाळवंट ओलांडण्याची किंमत ती. तांब्याचं तर मूसानेच कैरोत सांगितलं होतं: शंभर मिस्काल तांब्याला सहासष्टांहून जास्त मिस्काल सोनं मिळतं.

किरकोळ व्यवहाराला कवड्या चालत, आणि त्या येत हिंदी महासागरातल्या मालदीवहून. आपल्याकडे तुळजाभवानीचे भक्त ज्या कवड्यांची माळ गळ्यात घालतात, त्याच कवड्या. इब्न बतूता काही काळ मालदीवमध्ये काझी होता. तिथे ज्या कवड्या ढिगाने मिळत, त्या नायजर नदीकाठच्या गाओ शहरात एका दिनाराला साडेअकराशे अशा भावाने चाललेल्या त्याने पाहिल्या. या व्यापाराची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. हा प्रवासी परतला तो ज्या काफिल्यासोबत, त्यात सहाशे गुलाम स्त्रिया होत्या.

इब्न बतूता मालीच्या राजधानीत पोचला तेव्हा मूसाचा भाऊ मनसा सुलेमान गादीवर होता. राजाकडून स्वागताची भेट आली म्हणून इब्न बतूता मोठ्या आशेने उठला, तर समोर तीन भाकरी, तळलेल्या गोमांसाचा तुकडा आणि भोपळ्यात दही! या अपमानाचा राग त्याच्या लिखाणात धुमसतो. पण त्याच माणसाने मालीतली सुरक्षितता मनापासून वाखाणली आहे. तिथे वाटसरूला चोराची भीती नाही, असं तो म्हणतो. आणि एक दृश्य त्याने टिपलं, त्यासाठी आपण त्याचे कायमचे ऋणी आहोत. ईदच्या दिवशी दुगा नावाचा राजाचा दुभाषा खुर्चीवर बसून लाकडी पट्ट्यांचं, खाली लहान भोपळे बांधलेलं वाद्य वाजवत राजाच्या पराक्रमाचं गाणं गाई. मग पिसांचा पोशाख आणि लाल चोचीचं पक्ष्याचं डोकं घातलेले कवी पुढे येत. या आसनावर अमका राजा बसला, त्याने अमुक सत्कृत्य केलं. तूही असं कर, की तुझ्या मागे लोक तुझं नाव काढतील, असं ते राजाला तोंडावर सुनावत. दहा-एक वर्षांपूर्वी याच प्रवाशाने आपल्या दौलताबादेतला गवयांचा बाजार पाहिला होता. मालीचे कवी मात्र त्याला हास्यास्पद वाटले. राजाला त्याची जबाबदारी सांगण्याचा अधिकार तो समोर पाहत होता, पण त्याचं वजन त्याला कळलं नाही.

हे कवी म्हणजे जेली. फ्रेंचांनी रूढ केलेलं नाव ग्रियो. आपल्या शाहिरासारखा जेलीही वीरांची गाणी गातो, पण त्याचं काम तिथे संपत नाही. वंशावळ सांगणं, लग्न जुळवणं, भांडणं मिटवणं, राजाचा शब्द लोकांपर्यंत नेणं हे सगळं त्याचंच, आणि तेही जन्माने. कुयाते, जाबाते ही घराणी आजही हे काम करतात.

साम्राज्याचा संस्थापक सुंदियाता कैता आपल्याला कळतो तो यांच्यामुळे. इतिहासकार इब्न खल्दूनने त्याच्यासाठी मोजक्या ओळी खर्च केल्या: मारी जाता नावाचा राजा, सोसो लोकांना हरवलं, पंचवीस वर्षं राज्य. जेलींकडे मात्र पूर्ण माणूस आहे. सोगोलोनचा, चालता न येणारा मुलगा. आईचा अपमान सहन न होऊन लोखंडी कांबीच्या आधाराने उभा राहिलेला. सावत्र घरच्या द्वेषापायी परागंदा झालेला. आणि १२३५ च्या सुमारास किरिनाच्या लढाईत सोसोंच्या सुमाओरो कांतेला धूळ चारणारा. या कथेत राजाइतकाच त्याचा जेली बाला फासेके महत्त्वाचा आहे. सुमाओरोचं जादूचं बालाफोन, म्हणजे लाकडी पट्ट्यांचं तेच वाद्य, त्याने वाजवलं, त्यावर सुमाओरोचीच स्तुती केली आणि स्वतःचा जीव वाचवला. ते वाद्य म्हणून ओळखलं जाणारं बालाफोन गिनीतल्या न्यागासोला गावी कुयाते घराण्याने जपून ठेवलं आहे.

आणि मूसा? जगभरच्या पुस्तकांत गाजलेल्या या राजाला जेलींच्या गाण्यांत फारच थोडी जागा आहे. मला यात एक कठोर न्याय दिसतो. सोनं परक्या शहरात वाटलं गेलं; घरच्यांनी लक्षात ठेवला तो लंगडा मुलगा, ज्याने मालीच्या मांडे लोकांच्या विखुरलेल्या कुळांना एकत्र आणलं.

१९६० मध्ये जिब्रिल तामसिर नियान या इतिहासकाराने गिनीतल्या मामादू कुयाते या जेलीच्या तोंडून ऐकलेली सुंदियाताची कथा फ्रेंचमध्ये प्रसिद्ध केली. त्याच वर्षी फ्रेंच सुदान स्वतंत्र झाला आणि त्याने माली हे नाव घेतलं. मांडे समाजातली जन्मावरून कामं वाटण्याची जुनी रीत त्यानंतरही सैल झाली नव्हती. सुंदियाताच्या कैता कुळात जन्मलेला सालिफ कैता गायक व्हायला निघाला, तेव्हा घरच्यांनी विरोध केला: गाणं हे जेलींचं काम, राजवंशाचं नव्हे. तो बामाकोला गेला, रेल्वे स्थानकाच्या हॉटेलातल्या वाद्यवृंदात गाऊ लागला, आणि पुढे त्याचा आवाज साऱ्या जगाने ऐकला.