गाडी उभी, मग इंजिन का पळते?

आमच्या शेजारचा एक तरुण पिकप गाडीने भाजी बाजाराला नेतो. गाडी पेट्रोलवर चालते. मागच्या पावसाळ्यात तिने एक खोड धरली. गाडी उभी असे, गिअर काढलेला असे, रेसवर पाय नसे. तरी इंजिन जोरात घुमे. गिअर टाकून क्लच सोडला, की गाडी पुढे उडी घेई. पेट्रोलही जास्त जाऊ लागले.

तो आमच्याकडे आला. म्हणाला, "गुरुजी, एक जण म्हणतोय, स्क्रू पिळून रेस कमी करू. करू का?"

आम्ही म्हटले, "थांब बाबा. ताप कशाने आला ते न बघता औषध कसं द्यायचं?"

आम्ही काही मिस्त्री नव्हे. पण एका जाणत्या मिस्त्रीजवळ बसून जे समजून घेतले, ते येथे सांगतो.

गाडी उभी असताना इंजिन जी चाल धरते, तिला 'आयडल' किंवा 'स्लो' म्हणतात. तापलेल्या पेट्रोल इंजिनाची ही चाल मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेऱ्यांची असते. सकाळी इंजिन गार असताना ती थोडा वेळ १२०० च्याही पुढे जाते. एसी लावला तरी थोडी वाढते. हे दुखणे नव्हे. इंजिन चांगले तापल्यावरही चाल उतरत नसेल, तर मात्र बिघाड समजावा.

आता कारण पाहू. इंजिन हवा आत ओढते. हवेच्या वाटेवर एक झडप असते. आपण रेस दिली की ती उघडते, पाय काढला की मिटते. मग जेमतेम चालण्यापुरतीच हवा आत जाते. पाटाचे दार बंद केले, तरी वाफ्यात पाणी येत राहिले, तर आपण काय करतो? दार नीट बसले का ते पाहतो. बसले असेल, तर पाट कुठे फुटला ते शोधतो. इथेही तसेच करायचे.

गाडी सपाट जागी, उघड्यावर उभी करा. बंद खोलीत इंजिन चालवू नका. धुरातला विषारी वायू माणसाचा जीव घेतो. हातब्रेक ओढा, चाकांना दगड लावा, गिअर काढा. पदर, उपरणे, सैल बाही इंजिनाजवळ नेऊ नका. तिथे पट्टा आणि पंखा फिरत असतो.

पहिली गोष्ट, पायाखालचे रबर रेसच्या पट्टीत अडकले आहे का पहा. पट्टी पायाने वर उचलून बघा. चाल उतरली, तर पट्टी, तिची तार किंवा स्प्रिंग अडकते आहे.

दुसरी गोष्ट, कान देऊन ऐका. कुठे 'फुस्स' असा आवाज येतो का? रबरी नळी चिरली किंवा निसटली, की तिथून चोरून हवा आत शिरते. मग चाल चढते. गळती शोधायला पेट्रोल शिंपडू नका. आग लागेल.

तिसरी गोष्ट, तापमानाचा काटा पहा. गाडी बरीच चालूनही काटा गारच दाखवीत असेल, तर इंजिन गार आहे असे समजून यंत्रणा चाल वाढवीत राहते.

इतके पाहूनही उलगडा झाला नाही, तर झडपेवर काजळी धरली असेल किंवा चाल सांभाळणारा भाग बिघडला असेल. ते काम मिस्त्रीचे. नव्या गाडीला तो यंत्र लावून दोष वाचतो. आधी तपासायला सांगा; भाग बदलायचे मागाहून.

आमच्या शेजाऱ्याच्या गाडीत काय निघाले? ब्रेकच्या डब्याकडे जाणारी जाड नळी चिरली होती. इंजिनाच्या ओढीने या डब्याला बळ मिळते, म्हणून ब्रेक हलका लागतो. तिथे गळती झाली, की ब्रेक जड होतो. स्क्रू पिळला असता, तर आवाज कदाचित दबला असता. पण भरल्या गाडीचा ब्रेक घाटात दगा देता!

ब्रेकची परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा. तो कडक होईल. तसाच दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पाय थोडा खाली गेला, तर डबा काम करतो आहे. नाही गेला, तर गाडी रस्त्यावर नेऊ नका, मिस्त्रीला तिथेच बोलवा.

हे सारे पेट्रोलच्या गाडीचे झाले. डिझेलच्या गाडीची रचना निराळी असते, तिची कारणेही निराळी.

शेजाऱ्याने नळी बदलली. आता गाडी उभी राहिली, की इंजिन शांत घुमते. बाजारही चुकत नाही, आणि घरच्यांचा घोरही गेला.