लेंडीवरून हरणांची शिरगणती

शिवारात लेंडी दिसली की हरीण येऊन गेलं, एवढं आपण ओळखतो. पण किती आली आणि काय खाल्लं?

अमेरिकेतील अलास्कात, प्रिन्स ऑफ वेल्स बेटावर, हाच पेच होता. जंगल इतकं दाट, की हरणं मोजताच येईनात. २००६ ते २००८ मध्ये शास्त्रज्ञांनी तिथं लेंड्या गोळा केल्या. लेंडीला आतड्याच्या पेशी चिकटलेल्या असतात. त्यांतील डीएनएवरून एकेक हरीण वेगळं ओळखता येतं. तेच हरीण पुन्हा किती वेळा सापडतं, यावरून एकूण संख्येचा हिशेब बसतो. लेंडीतील वनस्पतींच्या डीएनएवरून खाल्लेला पालाही कळू शकतो.

आम्हांस वाटते, पीक-नुकसानीचा वादही असाच मोजून मिटावा. काट्यावर वजन झाल्याशिवाय आपण उसाचं बिल तरी मान्य करतो का?