पंगतीत शेजारी कोण बसते?



उमरेडच्या आपल्या मुलींच्या वसतिगृहासाठी आपण नेमाने धान्य पाठवता. मुली पोटभर जेवतात का, असे एका भगिनीने पत्रातून विचारले आहे. जेवतात, पण काय आणि किती, हे पुष्कळदा शेजारी बसलेली मैत्रीण ठरवते.

आमच्या बहुतेक मुली गोंड व माना समाजाच्या. तरोटा, अंबाडी, जवसाची चटणी हे त्यांचे घरचे खाणे. शहरातल्या शाळेत कोणी एकदा "हा काय पाला आणला?" म्हटले, की डबा उघडायचा बंद होतो आणि भूक पाच रुपयांच्या पाकिटावर भागवली जाते. नववी-दहावीत आणखी एक खूळ येते. एखादी "मी जाडी दिसते" म्हणून रात्रीची पोळी सोडते. आठवडाभरात खोलीतल्या आणखी दोघी सोडतात. तिघींत जाड एकही नसते! गोरेपणाच्या क्रीमचेही तेच. एका ट्यूबमध्ये पाच वाटेकरी.

हे उमरेडपुरते नाही. फिजी बेटांवर भरल्या अंगाचे कौतुक होते. तिथल्या एका भागात १९९५ साली टीव्ही आला. वजन घटवण्यासाठी मुद्दाम उलटी करणारी एकही शाळकरी मुलगी तेव्हा डॉ. अ‍ॅन बेकर यांच्या पाहणीत आढळली नव्हती; १९९८ मध्ये शंभरात अकरा आढळल्या. पुढे २०११ साली त्यांनी दाखवले की मुलीने स्वतः टीव्ही किती पाहिला एवढ्यावरच हे अवलंबून नव्हते. तिच्या मैत्रिणी किती पाहतात याचाही स्वतंत्र परिणाम होता.

आपल्याकडे याची किंमत रक्ताने मोजावी लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते १९ वयाच्या शंभर मुलींपैकी सुमारे सत्तावन्न जणींना रक्तक्षय आहे. अशा मुलीने जेवण टाळले की धाप लागते, चक्कर येते, अभ्यासात मन लागत नाही. लोहाची निळी गोळी मिळते. पण "मळमळते" असे एकीने म्हटले की सगळ्याच जणी ती उशाखाली ठेवतात.

म्हणून एकटीला बोलावून समजावण्याचा मला फारसा उपयोग वाटत नाही. दानीएलाने राजाचे अन्न नाकारले तेव्हा तो एकटा नव्हता. शाकान्नाचे ते दहा दिवस चौघा मित्रांनी मिळून काढले. आम्हीही आता खोलीतल्या साऱ्यांशी एकत्र बोलतो. ज्या मुलीचे बाकीच्या ऐकतात, तिलाच जेवणानंतर गोळ्या वाटायला सांगतो. शासनानेही २०१४ पासून किशोर आरोग्य कार्यक्रमात गावोगावच्या मुलामुलींनाच आरोग्यमित्र म्हणून तयार करण्याची योजना ठेवली आहे. तरोट्याची भाजी आता मुली स्वतः निवडतात. दोघी-तिघी अजून नाक मुरडतात, पण ताट रिकामे होते.

नाताळात आपण भेटीस याल तेव्हा "किती वाळलीस", "किती काळवंडलीस" असे कृपया कोणालाही म्हणू नये. ते रात्री साऱ्या खोलीत चघळले जाते. आणि खाऊ आणायचाच असेल, तर पाकिटांऐवजी गूळ-शेंगदाणे आणावेत.