दिवसभराचा भाता

पाठीवर भाता अडकवला की सॅक कुठे घ्यायची, हा प्रश्न धनुष्यबाण घेऊन दिवसभर जंगलात चालणाऱ्या प्रत्येकाला पडतो. मिशिगनमध्ये हरणांसाठी धनुष्यबाणाचा हंगाम 1 ऑक्टोबरला उघडतो. सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास, एवढी वेळ कायद्यानं दिलेली असते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिची बेरीज बारा तासांच्या वर जाते. इथले बहुतेक शिकारी झाडाला मचाण लावून बसतात. त्यांना भात्याची फारशी चिंता नसते, तो बाजूच्या फांदीला टांगला की झालं. जमिनीवरून पाऊल-पाऊल सरकत, दर दहा पावलांनी थांबून कानोसा घेत फिरणाऱ्याचं मात्र सगळं घर पाठीवर असतं.

त्या घरात काय काय लागतं ते पाहा. पहाटे तापमान दोन-तीन अंशांवर असतं आणि दुपारी पंधराच्या पुढे जातं. म्हणजे सकाळचं जाड लोकरी जॅकेट दुपारी कुठेतरी कोंबावं लागणार. दोन लिटर पाणी, दोन वेळचं खाणं, रेनकोट, सुरी, मांसासाठी कापडी पिशव्या, दोरी, हेडलॅम्प आणि त्याची जादा बॅटरी, नकाशा, होकायंत्र. शिवाय प्रथमोपचाराच्या पुडक्यात रक्तस्राव थांबवायचा आवळपट्टा. दाढी करता येईल इतकी धार लावलेली पाती आपण बरोबर बाळगतो, तेव्हा तो हवाच. सगळं मिळून पाच-सहा किलो होतं. त्यात बाणांचं वजन अगदी थोडं: जड लाकडी बाणसुद्धा पात्यासकट 35 ते 40 ग्रॅम भरतो आणि असे सहा पुरतात. पण अडचण असते ती याच सहा बाणांची. ते जवळजवळ हातभर लांब असतात, एका टोकाला पाती आणि दुसऱ्याला पिसं. पाती माणसाला लागता कामा नयेत आणि पिसांना पाणी लागता कामा नये.

आपल्या मनात भात्याचं चित्र पक्कं असतं. कॅलेंडरवरच्या रामाच्या उजव्या खांद्यामागून डोकावणारी बाणांची पिसं लहानपणापासून आपण पाहिलेली असतात. अमेरिकेत तेच चित्र हॉवर्ड हिल या अलाबामाच्या तिरंदाजानं लोकांच्या मनात ठसवलं. 1938 सालच्या रॉबिन हूडच्या चित्रपटात एरल फ्लिन धनुष्य ताणताना दिसतो, पण त्यातले अवघड नेम मारले ते हिल यांनी. त्यांच्या पद्धतीचा भाता म्हणजे मऊ चामड्याची लांब नळी. पाठीवर ती बाणांभोवती चपटी होऊन बसते, त्यामुळे बाण आपसात खडखडत नाहीत. हात खांद्यावरून मागे गेला की पिसं बोटांना लागतात. बघायला हे फार सुंदर असतं. आजही लाँगबोवाल्यांच्या मेळाव्यात असा भाता घातलेला म्हातारा तिरंदाज उभा राहिला की पोरं त्याच्याभोवती गोळा होतात.

फ्रेड बेअर यांनी वेगळी वाट धरली. ते डेट्रॉइटमध्ये पॅकार्ड मोटर कंपनीत पॅटर्नमेकर होते. धनुष्यानं शिकार करणाऱ्या आर्ट यंग यांचा अलास्कातल्या शिकारींचा चित्रपट पाहून ते धनुष्याकडे वळले आणि 1933 मध्ये त्यांनी डेट्रॉइटमध्येच आपला कारखाना काढला. पुढे तो उत्तरेकडे ग्रेलिंगला गेला. बाण थेट धनुष्यालाच अडकवण्याची सोय त्यांनी रूढ केली. पाठ मोकळी राहते, बाण डोळ्यांसमोर असतात, आज बहुसंख्य शिकारी हेच वापरतात. पण बिनयांत्रिक धनुष्य मुळात हलकं असतं. त्याला एका बाजूनं सहा बाण आणि त्यांचा साचा लटकवला की हातातला तोल बदलतो, आणि दोरी सुटल्यावर सगळं झिणझिणतं. माझ्यासारख्याला, ज्याला धनुष्य हातात उघडंच आवडतं, पाठीकडेच परत यावं लागतं.

कंबरेचा भाताही आहे. साताऱ्याच्या अदिती स्वामी आणि नागपूरचे ओजस देवतळे यांनी 2023 मध्ये बर्लिनला कंपाउंड धनुष्याची जागतिक सुवर्णपदकं जिंकली, तेव्हा टीव्हीवर आपण पाहिला तो हाच. सपाट मैदानावर याहून सोयीचं काही नाही. इथल्या ऑसेबल नदीकाठच्या सीडरच्या दलदलीत मात्र तो प्रत्येक झुडपाला जाऊन अडकतो.

राहिला तो भाता आणि सॅक एकत्र शिवलेला प्रकार. त्यातही बरेच नमुने मिळतात. शेजारी एक निवृत्त टूलमेकर राहतात, आयुष्यभर रिकर्व्ह धनुष्यानं शिकार केलेले. त्यांच्या गॅरेजमध्ये आम्ही काही नमुने मांडले आणि प्रत्येकात तेच सामान, तितकंच वजन भरलं. त्यांची अट एकच होती: रिकामा भाता पाठीवर घेऊन कुणी काही मत द्यायचं नाही. बाणांना खरी पाती लावायची नाहीत, पण त्याच वजनाची बोथट टोकं लावायची. मग मागच्या अंगणात वाकायचं, गुडघ्यावर बसायचं, आडव्या ओंडक्याखालून सरपटायचं, उठायचं आणि नेम धरायचा.

पहिल्याच वाकण्याला उघड्या तोंडाची नळी बाद झाली. ओंडक्याखालून जाताना बाण डोक्यावरून पुढे घसरले. जंगलात तीच गोष्ट धारदार पात्यांसकट मानेजवळ झाली असती. नळी बगलेत ओढून, हातानं दाबून वाकायची जुनी सवय लावता येते, हिल यांच्या पठडीतले लोक तसंच करतात. पण मग सॅक पाठीवर नको. दोन्हींचे पट्टे एकमेकांवर चढले की नळी हलवता येत नाही, आणि तिची सगळी खुबी तर हलण्यातच आहे.

दुसऱ्या नमुन्यात सॅकच्या बाजूला बाणांचा उघडा खिसा होता. दुकानात तो सर्वांत देखणा वाटतो. अंगणात लक्षात आलं की पिसं खांद्याच्या वर वीतभर येतात. प्रत्येक खालच्या फांदीला ती घासतात, आणि वाळलेल्या फांदीवर पीस खरडल्याचा आवाज हरणाला बऱ्याच अंतरावरून कळतो. शिवाय पिसं पांढरी असतील तर आणखी एक भीती. इथलं हरीण पांढऱ्या शेपटीचं. ते बिथरलं की शेपटी उभारून पळतं. झुडपातून हलणारं काहीतरी पांढरं दुसऱ्या शिकाऱ्याच्या नजरेला पडावं, असं कुणालाच नको असतं.

तिसरा नमुना टोपीचा. यात बाणांची पिसं वर एका कडक टोपीत शिरतात आणि पाती खाली एका खोलगट पेल्यात, फोममध्ये रुतून बसतात. मधली काडी उघडी. बाण वरून निघत नाही. हात कंबरेमागे न्यायचा, पात्याच्या बराच वर काडी धरायची, किंचित वर रेटून टोक फोममधून सोडवायचं आणि बाण खाली, पुढे ओढून घ्यायचा. ग्लेन सेंट चार्ल्स यांच्या नावाचा भाता या घराण्यातला. याच सेंट चार्ल्स यांनी 1961 मध्ये धनुष्यानं शिकार करणाऱ्यांचा पोप अँड यंग क्लब उभा केला. कॅलिफोर्नियाचा कॅटक्विव्हर हाही याच जातीचा, त्याला मागे छोट्यामोठ्या सॅक जोडलेल्या मिळतात.

याच्यावर नेहमीचा आक्षेप असा की बाण काढायला वेळ लागतो. लागतोच. खांद्यावरून काढलेला बाण दोरीवर चढेपर्यंत याचं टोक जेमतेम फोममधून सुटलेलं असतं. पण चालून शिकार करणाऱ्याचा दिवस कसा जातो ते पाहिलं की या आक्षेपात दम राहत नाही. हरणाच्या शक्यतेच्या जागी एक बाण आधीच दोरीवर असतो. ओंडका किंवा ओढा ओलांडताना तो परत भात्यात जातो. पंधरा मीटरवर हरीण उभं असताना दुसरा बाण काढायची संधी क्वचित येते, आणि आली तर हात खांद्यावर उंच उचलणं हीच सर्वांत मोठी चूक ठरते. हरणाला रंगांचं फारसं कळत नाही, हालचाल मात्र ते लगेच टिपतं. कोपर अंगाला चिकटवून कंबरेमागून काढलेला बाण शरीराच्या आडच राहतो. बहुतेक दिवशी तर एकही बाण सुटत नाही. भाता बारा तास बाण जपण्याचं काम करतो आणि बाण काढून देण्याचं काम काही सेकंदांचं असतं. मी तरी तो निवडताना या बारा तासांचाच विचार करतो.

जपणं म्हणजे नेमकं काय, ते पावसात कळतं. परंपरेनं शिकार करणारे लोक प्लास्टिकच्या पंखांऐवजी टर्कीची पिसं लावतात, कारण बाण धनुष्याला घासून जाताना ती वाकतात आणि पुन्हा उभी राहतात. भिजली की मात्र ती काडीला चिकटून बसतात आणि बाण भरकटतो. टोपीनं हा प्रश्न सुटतो. खालच्या पेल्याचं काम याहून गंभीर आहे. ओल्या पानांवरून पाय घसरून माणूस पाठीवर आपटला, तर पाती आणि त्याची कंबर यांच्यामध्ये काय असतं? मऊ फोम आणि वरून कापड, एवढंच असेल तर तो भाता मी हातातही घेणार नाही. पेला कडकच हवा, अंगठ्यानं जोर लावला तरी दबणार नाही इतका. उघड्या चामडी भात्यात पाती एकमेकांवर घासून बोथट होतात. त्यासाठी तळाशी मूठभर कच्चे ओट्स टाकायचा जुना उपाय आहे. फोमवाल्याला ती गरज नाही, पण फोम कापत-कापत सैल होतो, हे ध्यानात ठेवावं लागतं.

यानंतर आमच्या शेजाऱ्यांनी धनुष्य ताणायला लावलं. बाकी सगळ्या तपासण्यांपेक्षा मी या एकीला जास्त वजन देतो. उजव्या हाताच्या तिरंदाजाची दोरी तोंडाच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत येते आणि सुटताना डाव्या छातीला लगटून पुढे जाते. सॅकचा डावा पट्टा जाड गादीचा असेल, किंवा छातीवरच्या आडव्या पट्ट्याचं बक्कल बाहेर आलेलं असेल, तर दोरी तिथे चाटते आणि बाण हातभर बाजूला जातो. हिवाळी जॅकेट घालून ताणल्याशिवाय हे कळत नाही. दुसरी गोष्ट खांद्याच्या पात्यांची. पंचेचाळीस-पन्नास पौंडांचं धनुष्य हातानं नाही, पाठीनं ताणलं जातं. दोन्ही खांदे मागे एकमेकांजवळ यायला जागा लागते. रुंद सॅक तिथे भिंतीसारखी आड येते, आणि पूर्ण न ताणताच बाण सोडायची सवय लागते. म्हणून सॅक अरुंद हवी, खांद्यांच्या पात्यांच्या मधे मावेल एवढीच, आणि वजन कंबरपट्ट्यावर उतरलेलं. सह्याद्रीत मोठी सॅक घेऊन फिरलेल्यांना कंबरपट्ट्याचं महत्त्व सांगायला नको. इथे फरक इतकाच की खांद्याचे पट्टे थोडे सैल ठेवावे लागतात, नाहीतर ताण अर्ध्यावरच अडतो.

उंचीचंही तसंच. टोपी डोक्याच्या वर गेली की फांद्या धरते. पेला फार खाली आला तर गुडघ्यावर बसताना पोटरीला टेकतो आणि सगळा भाता वर ढकलला जातो. बाणाच्या लांबीनुसार टोपी वरखाली सरकवता येते, पण धडाची लांबी कुणाला सरकवता येत नाही. बुटक्या माणसानं हे दुकानातच बसून पाहावं.

आवाजाबद्दल मी कडक आहे. वेल्क्रो नको, एकही नको. चेन चालेल, पण तिची धातूची टिकली काढून दोरीचा फास लावायचा. बाहेरचं कापड लोकरीचं किंवा फ्लीसचं असावं. नायलॉनवर नख ओढून पाहिलं की जो आवाज येतो, तोच दिवसभर प्रत्येक काटेरी झुडूप काढणार.

आकाराचा मोह मोठा असतो. पिशवी मोठी घेतली की ती भरतेच. हरीण त्यात घालून आणायचं नसतंच. इथला भरलेला नर साठ-सत्तर किलोच्या पुढे जातो. त्याला जागच्या जागी परवान्याची चिठ्ठी बांधायची, दोरीनं ओढायचं किंवा मदत घेऊन परत यायचं, आणि 72 तासांत त्याची नोंद करायची. एका माणसाच्या एका दिवसाला पंधरा-वीस लिटरची पिशवी पुरते.

किमतीकडे पाहून लोक कुरकुरतात, त्यांना मी एक गोष्ट आवर्जून सांगतो. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानं अमेरिकेत शिकारीच्या बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामाला जातो. सत्तरच्या दशकात त्यात धनुष्यं आणि भातेही आले, उत्पादकावर 11 टक्के. ज्या दलदलीतून आम्ही चालतो ती राखण्यात या पैशाचाही वाटा आहे, आणि तो देताना मला आनंदच होतो.

घरी आणलेला भाता लगेच जंगलात न्यायचा नसतो. पट्ट्यांची लोंबणारी टोकं कापून जाळून घ्यायची, बक्कलांवर लोकरीच्या छोट्या पिशव्या शिवायच्या. पाणी नेहमी एकाच बाजूला ठेवायचं, म्हणजे अंधारात हात चुकत नाही. परवान्याची चिठ्ठी आणि पेन कंबरपट्ट्याच्या खिशात, कारण ते लागतात तेव्हा हात ओले असतात. दुपारचं जॅकेट सॅकच्या बाहेर, टोपीखाली, दोन पट्ट्यांत गुंडाळून, आणि त्याचा एकही कोपरा बाणांच्या वाटेत येत नाही ना, हे हात मागे घालून पुन्हापुन्हा तपासायचं. मग हंगामाआधी दोनेक आठवडे भरलेला भाता पाठीवर ठेवूनच सरावाचे बाण सोडायचे. पेल्यातला फोम मी दर हंगामाला बदलतो आणि दोन तुकडे एकदमच मागवतो.